काडीचा बुधवार

माझ्या नणंदेला घरात, गल्लीत आणि पुढे कारखान्यातही सगळे काडीच म्हणायचे. लहानपणी ती इतकी बारीक होती की तिच्या आत्याने तिला उचलून घेत विचारलं होतं, ही मुलगी आहे की काडी? ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिची शाळा नुकतीच संपली होती. अंगाने ती तशीच होती, पण काडी ओढली की पेटते हेही तोवर घरच्यांना कळून चुकलं होतं.

मी आले त्याच महिन्यात भडका उडाला. काडीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, तोही तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, जिथे शिकला त्याच कॉलेजात. सासऱ्यांनी सगळी नोकरी टपाल खात्यात पत्रं वेगळी करण्यात घालवली होती. दोन्ही मुलं इंजिनिअर व्हावीत, चांगल्या खुर्चीत बसावीत, एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्याकडे केलं होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे मध्ये पडणारं कुणी नव्हतं. रात्री जेवायला बसलो आणि काडीने सांगून टाकलं की ती त्या कॉलेजात जाणार नाही. शहराबाहेरच्या पंपांच्या कारखान्यात तिला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. बुधवारी कारखान्याशी जोडलेलं कॉलेज, बाकी दिवस कारखाना. पाच वर्षं असं करायचं आणि शेवटी हातात पदवीच पडणार, दादाला मिळाली तीच.

सासरे जेवता जेवता थांबले.

"मुलगा साहेब झाला आणि मुलगी फिटर होणार?"

"फिटर पण होणार आणि इंजिनिअर पण," काडी म्हणाली. "दादा एकच झाला."

माझ्या नवऱ्याला ठसका लागला. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि नव्या सुनेने तिथे हसणं बरं दिसलं नसतं. सासऱ्यांनी त्या दिवसापासून काडीशी बोलणं टाकलं. काय सांगायचं ते ते माझ्यामार्फत सांगायचे. ती समोर बसलेली असली तरी, "तिला म्हणावं, दिवा बंद कर." तीही मग मलाच सांगायची, "बाबांना म्हणावं, केला." मी दोघांच्या मधला टपालवाला झाले.

कारखान्याने तिला निळा बॉयलर सूट दिला, त्यात अजून एक काडी सहज मावली असती. मी तो उसवून बाह्या आणि कंबर आत घेतली. पहिले कित्येक आठवडे तिला एकच काम होतं. लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा कानशीने घासून चौरस करायचा. ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचा; मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. ती घरी यायची तेव्हा तिची बोटं वळत नसत. डब्याचं झाकण मी उघडून द्यायचे. एकदा मी म्हटलं, अगं, अजूनही त्या कॉलेजात जागा असेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

तिच्याबरोबर आणखी सहा शिकाऊ होते, सगळे मुलगे. कारखान्याच्या शेडमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं, कारण तिथे बाई कधी कामालाच नव्हती. काडीला पार दुसऱ्या टोकाच्या ऑफिसच्या इमारतीत जावं लागायचं. तिथल्या शिपायाने तिला सांगितलं, तेलाचे बूट घालून या फरशीवर यायचं नाही. बरं, म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिने बूट काढून ठेवायला सुरुवात केली, पण दाराबाहेर नव्हे, तर आत मॅनेजरसाहेबांच्या खोलीपुढच्या पायपुसण्यावर. तिथवर चवड्यांवर चालत जायची, बूट नीट जोडीने ठेवायची, मोज्यांवर पुढे जायची. साहेब बाहेर पडले की पाय त्या बुटांना लागायचा. पाहुणे आले की विचारायचे, हे बूट कुणाचे. दोनेक महिन्यांत शेडमधली भंगाराची एक खोली रिकामी झाली आणि तिच्या दारावर बाईचं चित्र लागलं. काडीने पायपुसण्यावरचे बूट निमूट हलवले. घरी आल्यावर मात्र आम्ही दोघी पोट धरून हसलो.

या मॅनेजरसाहेबांना कारखान्यात सगळे अर्जंटसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांच्या तोंडी प्रत्येक काम अर्जंटच असायचं. माणूस वाईट नव्हता. पहाटे सगळ्यांच्या आधी यायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं तर गाडी पाठवायचा. पण माल वेळेवर गेटबाहेर पडला पाहिजे, यापलीकडे त्याला जग दिसत नसे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी काडी टेस्टिंगला गेली आणि तिथेच ती खऱ्या अर्थाने रमली. तयार झालेला पंप लोखंडी पाट्यावर बोल्टने आवळायचा, मोटरला जोडायचा, पाण्याने भरायचा, मग चालू करून व्हॉल्व्ह हळूहळू उघडत जायचं आणि प्रत्येक टप्प्याला दाब किती, पाणी किती, ते बघायचं. टेस्टिंगच्या फोरमनना सगळे काका म्हणायचे. बोलायला अतिशय कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी काडीचा हात धरून चालू पंपाच्या अंगावर ठेवला आणि म्हणाले, कानाने सगळेच ऐकतात, हाताने ऐकायला शीक.

एक दिवस पंपातून असा आवाज यायला लागला, जणू कुणी आत खडी टाकली आहे. काकांनी जाऊन पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि आवाज गेला. काडीने विचारलं, आत काय होत होतं? काका म्हणाले, आत कुणी बघितलंय? त्या बुधवारी तिने कॉलेजात मॅडमना विचारलं. मॅडमनी फळ्यावर समजावलं की पाण्याचा दाब फार कमी झाला तर थंड पाणीसुद्धा उकळतं, त्याचे बुडबुडे पुढे जाऊन फुटतात आणि लोखंडाला खातात. आणि म्हणाल्या, प्रयोगशाळेत काचेच्या तोंडाचा एक पंप आहे, त्यात हे डोळ्यांनी दिसतं. दर सत्रात एकदा तो प्रयोग असतो. त्या रात्री काडी मला ते सांगत होती तेव्हा तिचं जेवण पानात तसंच राहिलं होतं. मला अर्धंही कळलं नाही, पण एक कळलं. बाकीचे दिवस तिच्या हाताला जे लागत होतं, त्याचं कारण तिला बुधवारी मिळत होतं. एकाशिवाय दुसरं तिला नको होतं.

आणि नेमका तो बुधवारच अर्जंटसाहेबांनी खायला सुरुवात केली.

आधी गोडीने. एवढी ऑर्डर जाऊ दे, या बुधवारी या सगळे. शिकाऊ मुलं बिचारी हो म्हणायची. पुढे नोकरी त्यांच्याच हातून मिळायची होती. काडीही गेली. मग तो पायंडाच पडला. काचेच्या पंपाचा प्रयोग एका सत्रात हुकला, दुसऱ्या सत्रातही हुकला. परीक्षेत नेमका तोच विषय राहिला. काडी आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली. तो विषय पुन्हा राहिला असता तर तिचं नाव पदवीच्या यादीतूनच जाणार होतं.

सासऱ्यांनी निकाल ऐकला आणि मला म्हणाले, "तिला म्हणावं, मी सांगितलं होतं." काडी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने या वेळी माझ्या हाती निरोप दिला नाही. थेट त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"बाबा, मी शिकायला गेले म्हणून नापास नाही झाले. शिकायला जाऊ दिलं नाही म्हणून झाले."

दुसऱ्या दिवशी तिने अर्जंटसाहेबांना सांगितलं की यापुढे बुधवारी ती येणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि आठवडाभरात तिची बदली मागच्या आवारात केली, जिथे गिऱ्हाइकांकडून परत आलेले बिघडलेले पंप खोलून धुतले जात. आत कुजकी पानं, गाळ, मेलेले बेडूक. तिच्या कपड्यांचा वास साबणाला जुमानत नसे. बाकीची मुलं लांबून हात करायची. तिला वाईट वाटलं असेल तर ते तिने दाखवलं नाही. पंपांमधली खाल्लेली, चाळणी झालेली पाती ती पुसून खिडकीत मांडून ठेवायची. बुडबुड्यांनी लोखंड कसं खाल्लं जातं, ते तिथे तिला हवं तेवढं बघायला मिळालं. बुधवार आला की दगडाने हात घासायची आणि कॉलेजात जायची.

टेस्टिंगमध्ये तिच्यावाचून अडायला लागलं तेव्हा काकांनी तिला परत मागून घेतलं. पण खरी गाठ पडायची होती ती पुढेच. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी मोठ्या पंपांची ऑर्डर होती. ते तपासायला गिऱ्हाइकाचा माणूस यायचा होता आणि त्याने दिवस दिला बुधवारचा. त्याच बुधवारी कॉलेजात काचेच्या पंपाचा प्रयोग होता. परीक्षेआधीचा शेवटचा.

काडीने आदल्या आठवड्यातच साहेबांना सांगितलं की ती मंगळवारी उशिरापर्यंत थांबून सगळी मांडणी करून ठेवेल, गुरुवारी लवकर येईल, पण बुधवारी नाही. तिच्याबरोबरच्या एका मुलाला, ज्याला सगळे चष्मिश म्हणत, तिने सगळं शिकवून ठेवलं. पंप बसवला, मोटरशी केसाइतकाही फरक राहणार नाही असा जुळवला, एकदा चालवून दाखवला. काका बाजूला उभे होते. चालेल, एवढंच म्हणाले.

बुधवारी सकाळी वह्या आणायला म्हणून ती कारखान्यात डोकावली. चूकच झाली. अर्जंटसाहेब टेस्टिंगच्या दारातच उभे होते. त्यांनी तिला थांबायला सांगितलं. तिने नाही म्हटलं. त्यांनी तिच्या गळ्यातला गेटपास मागितला आणि तो आपल्या खिशात टाकला. पासाशिवाय गेटबाहेर कुणाला सोडायचं नाही, असा त्यांचाच नियम होता.

ती गेटवर गेली. पहारेकऱ्याने पास मागितला. ती म्हणाली, साहेबांच्या खिशात आहे. तो बिचारा गोंधळला. पासाशिवाय सोडलं तर माझ्यावर येईल, म्हणाला.

"मामा, मला जायचंय," काडी म्हणाली. "अडवायचं असेल तर हात धरून अडवा."

पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आत शेडकडे पाहिलं आणि म्हणाला की त्याला फार तहान लागली आहे. तो केबिनमध्ये पाणी प्यायला गेला, आणि बराच वेळ पीत राहिला.

बस चुकली होती. बरंचसं अंतर ती पळत गेली. प्रयोगशाळेत पोचली तेव्हा मॅडमनी पंप नुकताच चालू केला होता. काचेआड पाणी स्वच्छ फिरत होतं. मग त्यांनी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह थोडा बंद केला, अजून थोडा, आणि पात्यांच्या मुळाशी धुक्यासारखं काहीतरी पांढरं उमटलं. पाठोपाठ तो आवाज आला, खडीचा. वर्गातली बाकीची मुलं लिहून घेत होती. काडीने पुढे होऊन पंपाच्या अंगावर हात ठेवला आणि तशीच बघत राहिली. मॅडमनी प्रयोग तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून करून दाखवला.

इकडे कारखान्यात चष्मिशने पंप चालवला आणि तपासणी नीट पार पडली. म्हणजे काडीवाचून काही अडलं नव्हतं. पण गुरुवारी तिला बोलावणं आलंच. अर्जंटसाहेब म्हणाले, तपासणीचा प्रश्न नाही, तुला सांगितलेलं तू ऐकलं नाहीस हा प्रश्न आहे. माफी माग आणि कामाला लाग. तिने माफी मागायला नकार दिला.

"तुझ्यासारख्या दहा मिळतील," ते म्हणाले.

"मिळतील, साहेब. त्यांनाही बुधवारी कॉलेज असेल."

त्यांनी तिला पुढचा निर्णय होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

घरात ती संध्याकाळ फार वाईट गेली. माझ्या नवऱ्याने तिला समजावलं की दोन शब्द बोलून टाक, माफीने काय झिजतंय, इतकी वर्षं पाण्यात जातील. सासरे तर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले होते, साहेबांच्या घरी जाऊन हात जोडायला. काडी दारात आडवी उभी राहिली. बाबा, तुम्ही गेलात तर मी घर सोडेन, म्हणाली. सासरे तिथेच खाली बसले. नवरा पुन्हा तेच सांगायला लागला, मोठ्या लोकांपुढे असं चालत नाही, जरा वाकावं लागतं. मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले.

"तुम्ही चार वर्षं रोज कॉलेजला गेलात. तुमचा पास कुणी खिशात टाकला होता?"

लग्नानंतर मी सासऱ्यांसमोर नवऱ्याला पहिल्यांदाच असं बोलले. सासऱ्यांनी हळूहळू शर्टाची बटणं काढली आणि शर्ट खुंटीला लावला. मग काडीकडे बघून म्हणाले, "जेवून घे." माझ्यामार्फत नाही, तिलाच.

पुढच्या बुधवारी कारखान्याच्या गेटबाहेर तीन शिकाऊ मुलं घरच्या कपड्यांत, पाठीला कॉलेजच्या पिशव्या लावून उभी राहिली आणि पहारेकऱ्याला सांगून निघून गेली की आज आमचं कॉलेज आहे. सहांपैकी तीन. चष्मिश त्यांच्यात नव्हता; त्याच्या घरी त्याच्याच कमाईची वाट बघत होते, काडीने त्याला कधी बोल लावला नाही. त्याच आठवड्यात कॉलेजच्या मॅडम स्वतः कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या, बुधवार मिळणार नसेल तर आमच्या पदवीवर तुमच्या कारखान्याचं नाव राहणार नाही, शिकाऊही मिळणार नाहीत. काकांना बोलावलं गेलं. त्यांनी काय सांगितलं ते पुढे त्यांच्याच तोंडून काडीला कळलं. ते म्हणाले होते, मला ती हवी, आणि शिकलेली हवी.

काडीला परत घेतलं. माफी तिनेही मागितली नाही, साहेबांनीही नाही. पास तिच्या टेबलावर नुसता आणून ठेवला होता. बुधवारी शिकाऊंना कामाला बोलवायचं बंद झालं, सगळ्यांनाच. राहिलेल्या विषयात ती सुटली, आणि मार्कही असे पडले की माझ्या नवऱ्याने गुपचूप स्वतःचे जुने मार्क काढून बघितले. मला दिसलं, मी न दिसल्यासारखं केलं.

पण झालं गेलं विसरणारा माणूस अर्जंटसाहेब नव्हता. पाचवं वर्ष संपलं, पदवी मिळाली, कारखान्याने सगळ्यांना नोकरी दिली. चष्मिशला टेस्टिंगला घेतलं. एकट्या काडीला जागा नाही म्हणून सांगितलं. ती घरी आली, माझ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि खूप रडली. नोकरीपेक्षा तिला तो पाट्यावरचा पंप, ते काका, ते सगळं सुटल्याचं लागलं होतं. मी म्हटलं, त्या दिवशी थांबली असतीस तर आज तिथे असतीस, असं वाटतं का गं कधी? तिने नाक पुसलं.

"असते. पण काय म्हणून असते, वहिनी?"

सहा महिने तिने जाईल तिथे अर्ज केले. शेवटी शहराच्या पाणीपुरवठ्याने तिला मुलाखतीला बोलावलं. ज्यांचे पंप त्या बुधवारी तपासले गेले होते तेच हे लोक. समोर बसलेल्या वयस्कर साहेबांनी तिचे कागद चाळले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं ऐकत नाही, असं ऐकलंय."

"काय सांगितलं होतं, तेही ऐकलंय का?" काडीने विचारलं.

त्यांनी ऐकलेलं नव्हतं. तिने पहिल्यापासून सांगितलं. खुर्चीच्या कडेवर न बसता, पाठ टेकून. तिला ती नोकरी मिळाली.

आता ती तिथल्या मोठ्या पंपघराची प्रमुख आहे. सासरे दुपारी तिथे जाऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ही माझी मुलगी म्हणून सांगतात. ती त्यांना दोनदा बाहेर काढते, ते तिसऱ्यांदा येतात. परवा रविवारी ती आमच्याकडे आली होती. सांगत होती की वरून हुकूम आलाय, पंपघरात रात्रपाळीला यापुढे एकच माणूस ठेवायचा. एवढ्या यंत्रांमध्ये माणूस एकटा पडला आणि काही झालं तर हाक ऐकायलाही कुणी नाही.

मी विचारलं, "मग?"

"मग काय, मी नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली. "उद्या बोलावलंय."

आणि भाजीची टोपली पुढे ओढून माझ्याबरोबर शेंगा सोलायला बसली.